सायकलची शर्यत, डॉक्टरकीचे शिक्षण आणि मनाचा उतारा



आपल्या मासिकात ‘सभासदांच्या गुणवंत पाल्यांचे अभिनंदन’ हे सदर गेली कित्येक वर्षे चालू आहे. बारावीत केंद्रात पहिला आलेला असो, फौजदार झालेला असो, की कुस्तीत गदा मिळवलेला असो, त्याचा फोटो आणि चार ओळी आम्ही आनंदाने छापतो. अनेक घरांत तो अंक टी.व्ही.शेजारी जपून ठेवलेला आम्ही पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी याच सदरात आम्ही आपल्या कार्यक्षेत्रातील एका मुलीचा फोटो छापला होता. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत तिला राज्यपातळीवर पदक मिळाले होते आणि त्याच वर्षी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.ला जागाही मिळाली होती. ‘सायकलही जिंकली, डॉक्टरकीही जिंकली’ असे शीर्षक आम्ही दिले होते. ते शीर्षक आम्हाला त्या वेळी फार आवडले होते, हेही कबूल करतो.

गेल्या हंगामात मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाच्या सुमारास कळले की, या मुलीने विद्यापीठाच्या शर्यतीत पुन्हा पदक मिळवले आहे. आम्ही लगोलग तिच्या वस्तीवर गेलो. वडील गोठ्यापुढे वाढं टाकत होते. आम्ही फोटो मागितला, तेव्हा हातातला विळा खाली ठेवून ते म्हणाले, “साहेब, छापायचंच असंल तर या खेपेला समदं छापा. मागच्या खेपेला तुम्ही निम्मंच छापलं होतं.”

आम्ही गोंधळलो. ते पुन्हा म्हणाले, “पोरगी दोन वरसं काय भोगून आली ते कुणालाच ठावं न्हाई. तुमच्या पेपरात नुसता मेडलाचा फोटो येतो. तो बघून दुसऱ्याची पोरं बी त्याच वाटंनं पळत्यात. त्यास्नी वाटंतलं खड्डं कोण दाखवणार?”

मग आम्ही बसलो. चहा झाला. मुलगी सुट्टीवर घरीच होती, तीही येऊन बसली. जे ऐकले ते त्या तिघांच्या परवानगीने, नावगाव आणि महाविद्यालय न देता, येथे मांडत आहोत. त्यासोबत या विषयावर इतरत्र काय घडले आहे आणि जाणकार काय सांगतात, तेही देत आहोत. लेख थोडा लांबला आहे, पण ज्यांची मुले शिकायला बाहेर आहेत त्यांनी तो सवड काढून वाचावा, ही विनंती.

सायकल आली कुठून

वस्तीपासून कॉलेज अकरा किलोमीटर. एस.टी. यायची ती एकतर फार लवकर, नाहीतर तास बुडाल्यावर. म्हणून मुलीने भावाची जुनी सायकल घेतली. जाताना चढ, येताना उतार. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी तिला एकदा चढाला मोपेडवाल्याला मागे टाकताना पाहिले आणि तालुक्याच्या शर्यतीत नाव घातले. तिथून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य. बारीक टायरची शर्यतीची सायकल वडिलांनी ऊसबिलाच्या दुसऱ्या हप्त्यातून घेतली, तीही जुनी.

आपल्या भागाला सायकल नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या मंडळींना आठवत असेल. बोरघाटाचा चढ हीच तिची खरी कसोटी. पण शर्यतीची सायकल म्हणजे नुसते पाय मारणे नव्हे. रोज दोन-तीन तास रस्त्यावर, आठवड्यातून एकदा शंभर किलोमीटरच्या वर, खाण्यापिण्याचे वेळापत्रक, झोपेचे वेळापत्रक. थोडक्यात, ती पूर्ण वेळेची शेती आहे. आणि डॉक्टरकीचे शिक्षण ही दुसरी पूर्ण वेळेची शेती.

चोवीस तासांचा जमाखर्च

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात रोग्यांसमोर उभे राहावे लागते. मुलीने आम्हाला वहीच्या मागच्या पानावर आपल्या त्या वेळच्या दिवसाचा हिशेब लिहून दाखवला.

महाविद्यालय व वॉर्ड, ९ तास. अभ्यास, ५ तास. सायकल आणि व्यायाम, ३ तास. जेवणखाण, आंघोळ, कपडे धुणे, जाणे-येणे, ३ तास. एकूण २०. उरले ४ तास, ती झोप.

मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. खेळाडूला त्याहून जास्त. म्हणजे रोज तीन तासांची उधारी. आठवड्याला एकवीस तास. आपल्याला सोसायटीच्या कर्जाचे व्याज कसे चढते ते चांगले ठाऊक आहे. ही उधारीही तशीच चढत गेली. सोसायटीची नोटीस तरी येते, हिची नोटीस निराळ्या तऱ्हेने आली.

पहिल्या वर्षी ती कशीबशी तरली. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्राच्या पेपरात नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच महिन्यात निवडीच्या शर्यतीत ती पहिल्या दहातही आली नाही. मग तिने काय केले? जे आपल्यापैकी कोणीही केले असते तेच. आणखी जोर लावला. पहाटे चारऐवजी साडेतीनला उठू लागली. जितका जोर लावी तितका वेळ वाईट येई.

“मला वाटायचं, मी आळशी झाले,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यावर नाडी मोजायची सवय होती. एरवी बावन्न असायची, ती सदुसष्ट-अडुसष्ट यायला लागली. मला त्याचा अर्थ पुस्तकात माहीत होता. माझ्या बाबतीत मात्र कळत नव्हता.”

रिकव्हरी म्हणजे काय

आपल्या कारखान्यात रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा. सायकलवाल्यांच्या भाषेतही हाच शब्द आहे, पण तिथे रिकव्हरी म्हणजे विश्रांतीतून शरीर पूर्वपदावर येणे. शब्द एक, अर्थ दोन. तरी विचार केला तर फार दूरचे नाहीत.

शर्यतीचा सराव करताना स्नायू बळकट होत नाहीत, उलट थकतात, झिजतात. बळकटी येते ती नंतर, अन्न पोटात गेल्यावर आणि झोप लागल्यावर. अभ्यासाचेही तसेच. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे काम बरेचसे झोपेत होते. झोप कापली की एकाच घावात दोन्ही पिके जातात. विश्रांतीवाचून सराव वाढवत नेला की खेळाडूची ताकद वाढण्याऐवजी घटते. सकाळची नाडी वाढते, झोप मोडते, भूक मरते, चिडचिड होते, वारंवार सर्दी-ताप येतो. याला अतिसराव म्हणतात आणि त्यातून बाहेर यायला आठवडे नव्हे, कधी महिने लागतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती संकोच न करता सांगितली पाहिजे. व्यायामाच्या मानाने खाणे कमी पडले तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, मनही खचते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेबद्दल एकत्रित निवेदन काढले. ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ म्हणून सोडून देण्याची ती बाब नव्हे, डॉक्टरला दाखवण्याची आहे.

आता आपल्याच कारखान्याकडे बघा. हंगामात गाळप रात्रंदिवस चालते, पण क्लीनिंगसाठी आपण ते थांबवतोच. त्या वेळी कोणी म्हणत नाही की कारखाना आळशी झाला. हंगाम संपला की रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या साफ करतात, बेअरिंग बदलतात. ओव्हरहॉलिंग न करता दुसरा हंगाम सुरू करा, असे एखाद्या संचालकाने सुचवले तर वार्षिक सभेत तुम्ही त्याला खाली बसवाल. लोखंडाला जे लागू आहे ते पोटच्या पोरांना आपण लावत नाही.

दूरदेशीच्या तीन गोष्टी

सायकल आणि डॉक्टरकी दोन्ही जमवलेली माणसे जगात आहेत. ती कशी जमवली हे पाहण्यासारखे आहे.

एरिक हायडन हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला, १९५८ साली जन्मलेला. वडील हाडांचे डॉक्टर. १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगमध्ये त्याने ५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या पाचही शर्यती जिंकून पाच सुवर्णपदके मिळवली. मग तो सायकलकडे वळला. १९८५ साली अमेरिकेतील व्यावसायिक सायकलपटूंचा राष्ट्रीय विजेता झाला. १९८६ साली टूर द फ्रान्स या जगातल्या सर्वात मोठ्या शर्यतीत उतरला, पण शेवट पाच दिवसांवर आला असताना उतारावर पडला, डोक्याला मार लागला आणि शर्यत सोडावी लागली. मोठ्या शर्यतींचा काळ मागे पडल्यावर त्याने डॉक्टरकीचा अभ्यास पुरा केला. १९९१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची एम.डी. पदवी घेतली आणि वडिलांप्रमाणे हाडांचा सर्जन झाला. पुढे अमेरिकेच्या स्केटिंग संघाचे डॉक्टर म्हणूनही त्याने काम केले.

क्रिस्टीन थॉर्बर्न ही सांधेवाताच्या विकारांची डॉक्टर. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये घड्याळाविरुद्धच्या सायकल शर्यतीत ती चौथी आली, २००६ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पाचवी आली. म्हणजे जमते, जमतच नाही असे नाही.

तिसरी गोष्ट सांगताना हात जड होतो. केली कॅटलिन ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातली मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सांघिक सायकल शर्यतीत रौप्यपदक, आणि २०१६, २०१७, २०१८ अशी ओळीने तीन वर्षे त्याच प्रकारात संघासह जगज्जेतेपद. ती डॉक्टरकीची नव्हे, गणिताची विद्यार्थिनी होती. स्टॅनफर्डमध्ये उच्च शिक्षण घेत होती. देशाच्या संघासाठी ट्रॅकवर सायकल, व्यावसायिक संघासाठी रस्त्यावर सायकल आणि वर विद्यापीठाचा अभ्यास, असे तीन नांगर ती एकटी ओढत होती. मध्यंतरी पडून डोक्याला मार लागला. त्यानंतर तिच्यात बदल झाला होता, असे घरच्यांनी नंतर सांगितले. मार्च २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिने आपले आयुष्य संपवले.

अशा घटनेचे एकच कारण दाखवता येत नाही, आणि आम्ही ते दाखवणार नाही. एवढेच म्हणतो की, बाहेरून पाहणाऱ्याला ती तीनदा जगज्जेती झालेली, हुशार, कशाचीही कमतरता नसलेली मुलगी दिसत होती. आपल्या शेतकरी वर्गाला हे दुःख अनोळखी नाही. ‘काल तर चांगला बोलत होता’ हे वाक्य आपण किती दारांत ऐकले आहे!

आपल्या मातीतले डॉक्टर

अमेरिकेत ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची सायकल शर्यत आहे. पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्याने जाणाऱ्याला सुमारे बारा दिवसांची मुदत. वाळवंट, डोंगर, पठार, सगळे मध्ये येते. ही शर्यत १९८२ साली चार सायकलस्वारांनी सुरू झाली.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या दोन भावांनी, एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य, २०१५ साली दोघांच्या संघाने ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पार केली. एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती त्याच वर्षी बारा दिवसांच्या आत पुरी केली, आणि २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरवरची शर्यतही.

या नावांचा आपल्याला अभिमान आहेच. पण तीन गोष्टी नीट लक्षात घ्या.

पहिली. हे सारे जण या मोठ्या शर्यतीत उतरले ते डॉक्टर झाल्यावर. परीक्षा आणि शर्यत एकाच वर्षी खांद्यावर घेतली नाही. एकाच वावरात आडसाली आणि सुरू दोन्ही लागणी होत नाहीत. एक निघाल्यावर दुसरी, याला आपण फेरपालट म्हणतो. हायडननेही तेच केले.

दुसरी. गोकुळनाथ यांना २०१६ साली हीच शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. ती सोडली म्हणून ते लहान झाले नाहीत. पुढच्या वर्षी ते परत गेले.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची. ‘एकट्याची शर्यत’ म्हणतात खरी, पण ती एकट्याने होत नाही. स्वाराच्या मागे गाडी असते, गाडीत माणसे असतात. पाणी देणारा, खाणे देणारा, रस्ता सांगणारा, ‘आता उतर आणि दोन तास झोप’ असे म्हणणारा. शर्यतीचा नियमच आहे की मदतीची टोळी हवी. आणि आपली पोरगी वसतिगृहाच्या खोलीत रात्री दोन वाजता पुस्तकावर डोके टेकून बसते, तेव्हा तिच्या मागे कोणती गाडी असते?

आईच्या कानाने ओळखले

मुलीचे कसे कळले ते ऐका. कोणा तज्ज्ञाने नव्हे, आईने ओळखले.

“ती फोनवर बोलताना मधीच थांबायची,” आई सांगत होती. “आधी ‘आई, म्हस व्याली का, पाऊस झाला का’ असं इचारायची. मग इचारणंच बंद झालं. म्या म्हनलं, सायकल कशी हाय? म्हणाली, बरी हाय. सायकलचं नाव काढलं की पोर तासभर बोलायची, आणि आता ‘बरी हाय’? मला कसंतरीच झालं.”

आईने दुसऱ्या दिवशी भाकरी-चटणीचा डबा बांधला आणि वडिलांना एस.टी.त बसवून दिले. वडील वसतिगृहाच्या दारात पोचले. मुलगी खाली आली, डबा हातात घेतला आणि रडू लागली. बराच वेळ रडली. मग एवढेच म्हणाली, “आबा, मला सकाळ नको वाटते.”

वडील आम्हाला म्हणाले, “साहेब, खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते लोक काय म्हणतील. तुमच्या अंकातला फोटो घराघरांत गेलेला. आता पोरगी घरी आणली तर गाव इचारील. लग्नाचं बी इचार आला. बापाच्या मनात हे आलं, ते लपवत न्हाई. मग म्या सोताला म्हनलं, लेका, पोरगी ऱ्हायली तर लगीन. आधी पोरगी.”

हे वाक्य ऐकून आम्हाला मान वर करवेना. आमच्या शीर्षकाचा भार त्या मुलीच्या पाठीवर होता, हे तेव्हा प्रथम कळले. मुलीने ते बोलून दाखवले नाही. आम्ही विचारले तेव्हा मात्र म्हणाली, “काका, तो अंक मी वसतिगृहात भिंतीला लावला होता. नापास झाल्यावर काढून टाकला.”

उपचार

महाविद्यालयाच्याच रुग्णालयात मानसोपचार विभाग होता. रोज त्या दारावरून ती वॉर्डाला जात होती, पण आत गेली नव्हती. ‘उद्या मीच डॉक्टर होणार, मलाच असं झालं म्हटल्यावर काय’ ही लाज. ही लाज तिच्या एकटीची नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती गटाचा अहवाल २०२४ साली आला. त्यांच्या पाहणीत एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांपैकी दर चौघांत एकाहून अधिकांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचे स्वतः नोंदवले होते. म्हणजे सरासरीने दर चौघांत एक तरी. आणि प्रत्येकाला वाटते, आपण एकटेच.

वडील बाहेर बाकावर बसले आणि मुलगी आत गेली. डॉक्टरांनी नैराश्याचा आजार असल्याचे सांगितले. गोळ्या दिल्या आणि बजावले की, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दर आठवड्याला समुपदेशकाकडे बोलायला जायचे. शर्यती सहा महिने बंद. सायकल मात्र बंद नाही. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, घड्याळ न लावता, मैत्रिणीबरोबर.

“हे सर्वांत अवघड होतं,” मुलगी हसून म्हणाली. “कोणी तरी पुढं जातंय आणि मी त्याला जाऊ द्यायचं.”

वडिलांनीही एक काम केले. महाविद्यालयात जाऊन शिक्षकांना भेटले. हात जोडून सवलत मागायला नव्हे, तर नेमके काय करता येईल हे विचारायला. शिक्षकांपैकी एक जण चांगले भेटले. त्यांनी राहिलेल्या पेपराचे, हजेरीचे आणि पुरवणी परीक्षेचे वेळापत्रक कागदावर आखून दिले. पुरवणी परीक्षेत मुलगी पास झाली. झोप परत यायला दोन महिने लागले, सकाळ चांगली वाटायला चार. शर्यतीत परत यायला वर्ष.

आता तिचा हिशेब असा आहे. झोप सात तास, ती आधी वजा करायची. उरलेल्या सतरा तासांत बाकीचे बसवायचे, जे बसणार नाही ते सोडायचे. परीक्षेच्या तीन महिन्यांत शर्यत नाही. वर्षाला मोठ्या शर्यती दोनच. दर रविवारी संध्याकाळी घरी फोन, त्यात मार्क आणि मेडल हे दोन विषय बंद. विद्यापीठाचे पदक तिला मिळाले ते या वेळापत्रकावर, जुन्यावर नव्हे. पण आम्ही असे म्हणणार नाही की विश्रांती घेतली की पदक मिळतेच. पदक मिळाले नसते तरी हा हिशेब बरोबरच होता, असे तीच म्हणाली.

घरच्यांनी काय पाहावे

सायकल असो, कुस्ती असो, कबड्डी असो की नुसता ‘नीट’चा क्लास असो, मुले बाहेर आहेत त्या प्रत्येक घरासाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, भूक मेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरला नसेल, बोलणे एका शब्दावर आले असेल, ‘माझ्यात काही राम नाही’, ‘तुम्हाला माझा भार झाला’ अशी वाक्ये येत असतील, तर ते आळस किंवा नाटक समजू नका. जगणे नको वाटते का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचाराची सोय असते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. हा नंबर या अंकातून कापून मुलाच्या ट्रंकेत ठेवा, आणि एक आपल्या घरातही लावा. त्याची गरज फक्त मुलांनाच पडते असे नाही. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. यात उपकार कोणाचा नाही.

आणि अंगारे-धुपारे करणाऱ्यांकडे जाऊन महिने घालवू नका. देवाला नारळ जरूर फोडा, पण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर.

आमचा एक निश्चय

निघताना मुलीने वडिलांच्या देखत आम्हाला विचारले, “काका, या वेळी शीर्षक काय देणार?” आम्ही म्हणालो, तूच सांग. ती म्हणाली, “माझा फोटो नको. त्याऐवजी हे सगळं लिहा. माझ्यासारखी एखादी वाचेल.”

म्हणून या अंकात तिचा फोटो नाही.

संपादक मंडळाने यापुढे अभिनंदनाचे सदर चालूच ठेवायचे ठरवले आहे, कारण कष्टाने मिळवलेल्या यशाचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु त्याच पानावर १४४१६ हा नंबर दर महिन्याला छापला जाईल. आणि नापास होऊन पुन्हा बसलेल्या, शर्यत अर्ध्यावर सोडून परत आलेल्या, आजारातून उठून कामाला लागलेल्या पाल्यांची माहिती कोणी आपण होऊन दिली, तर तीही आम्ही नावासह अगर नावाशिवाय, जशी त्यांची इच्छा, तशी छापू.

वस्तीवरून परतताना रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “दोन दिस झालं गाडी हितंच उभी. ऊस वाळाय लागला.” तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटते आणि उताराही घटतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्यासाठी तुम्ही आमच्याकडे तक्रार घेऊन येता आणि ते बरोबरच आहे.

तेवढ्याच जागरूकतेने, बाहेर शिकणाऱ्या आपल्या लेकरांना आज रात्री एक फोन करावा. मार्क विचारू नयेत. जेवलास का, झोप लागते का, एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

— संपादक मंडळ